युरोपची द्राक्षं आणि माझ्या खिशातले दाणे

आमच्या सोसायटीत सध्या युरोपला जाऊन आलेल्यांची साथ आहे. तिसऱ्या मजल्यावरचे देशमुख अकरा दिवस जाऊन आले आणि गेली दोन वर्षं सांगतायत. सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला निघायचं म्हणजे पाय पुण्यात आणि कान पॅरिसात. त्यांचं आवडतं वाक्य असं: "काय सांगू बाळासाहेब, तिथल्या दुकानातली द्राक्षं! एकेक मणी सारखा, मापून घेतल्यासारखा. आपल्याकडे असलं काही पिकतच नाही हो."

मी युरोपला गेलेलो नाही. पण युरोप जिथून द्राक्षं मागवतो तिथे मात्र नुकताच तीन दिवस जाऊन आलो. शिरवळ, मलकापूर आणि कुंडलची बाजू, असा माझा दौरा. व्हिसा लागला नाही, पण एका गेटवर वहीत सही करावी लागली आणि पुढे त्या सहीनेच आमची थोडीफार इभ्रत राखली. देशमुखांना एकदा कुणीतरी ऐकवायला हवंच होतं, म्हणून हे लिहून काढतोय.

आता मी तिकडे गेलो कशाला, तर नकार द्यायला.

माझी धाकटी बहीण शालन. तिची एकुलती एक लेक मुक्ता. शिरवळला एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात इंजिनियर आहे, मालाच्या गुणवत्तेवर नजर ठेवायचं काम करते. आतापर्यंत सहा स्थळं पाहिली आणि सहाही तिने नापास केली. सातवं स्थळ माझ्या शाळेतल्या दोस्ताने, मलकापूरच्या लतीफ बागवानने आणलं. मुलगा शेतकी पदवीधर, कुंडलच्या अलीकडे द्राक्षबाग, माल युरोपला जातो. शालनने फोटो बघायच्या आधीच हात झटकले. "शेतकऱ्याला द्यायची नाही म्हणजे नाही!" आता आम्ही दोघं बहीणभाऊ शेतकऱ्याचीच पोरं. पण हा कायदा आमच्याकडे शेतकऱ्यांनीच केलाय. ज्याच्या घरात लग्नाचा शेतकरी मुलगा बसलाय, त्यालाच शेतकरी जावई नको असतो.

मुक्ता म्हणाली, "न बघता मी कशालाच नाही म्हणत नाही. घर बघायला जायची पद्धत आहे ना आपल्यात? मग मी स्वतःच जाते."

शालनच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. तिने मला फोन केला. "दादा, तू जा तिच्याबरोबर. नीट बघ आणि चांगली एक खोट काढून ये. जन्मभर दुसऱ्यांच्या खोटी काढल्यास की!"

ते खरं आहे. मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. भल्याभल्या दुकानदारांच्या काट्याखाली चिकटवलेला चुंबक मी हात लावून ओळखलाय. एका द्राक्षवाल्यात खोट काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता.

शिरवळ

एसटीने शिरवळला उतरलो. पूर्वी इथे गाडी थांबली की चहा घ्यायचा आणि पुढे सटकायचं, एवढीच या गावाची ओळख. आता हायवेच्या कडेने कारखानेच कारखाने. मुक्ता शिफ्ट संपवून आली ती मला थेट एका ढाब्यावर घेऊन गेली. ढाब्याचा मालक धोतर-टोपीतला तात्या. त्याची जमीन कारखान्यात गेली, तेव्हा त्याने कारखान्याच्याच तोंडाशी चूल मांडली. फळ्यावर पिठलं-भाकरीच्या खाली लिहिलेलं: "साहेबांचे शेवयांचे सूप मिळेल."

"साहेबांचं म्हणजे?" मी विचारलं.

"परदेशी इंजनेर येत्यात की. काड्यांनी खात्यात. म्या शिकलो," तात्या म्हणाला. "पयल्यांदा केलं तवा आपला कांदा-लसूण मसाला टाकला दोन चमचं. त्यो साहेब असा रडला, आसा रडला, मला वाटलं घरची आठवण आली त्याला."

मी पिठलं घेतलं. साहेबाला रडवणारा मसाला माझ्याही डोळ्यात पाणी आणून गेला.

जेवण झाल्यावर सवयीने खिशात हात गेला. इथे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण याच खिशातून निघालं. सिगारेट सोडली तेव्हापासून माझ्या सदऱ्याच्या उजव्या खिशात भाजके शेंगदाणे असतात. चार दाणे तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या तळहाताने चोळायचे, हलकी फुंकर मारायची, लाल फोलपटं उडाली की गोरे दाणे तोंडात. हे मी विचार करताना करतो, वाट बघताना करतो, आणि कुणाच्या मयताला गेलो तरी माझा हात खिशापर्यंत जाऊन परत येतो.

"मामा, परवा तिथे हे नको हं," मुक्ता म्हणाली.

"का? शेतकऱ्याच्या घरी दाण्याचं काय वावडं?"

तिला तेवढ्यात कारखान्यातून फोन आला आणि बोलणं तिथेच राहिलं. ते पूर्ण झालं असतं तर हे प्रवासवर्णन तीन ओळींत संपलं असतं.

मलकापूर

दुसऱ्या दिवशी मुक्ताच्या गाडीने मलकापूर. लतीफचं फळांचं दुकान हायवेलगत आहे. त्याच्या आज्यापासून फळांचाच धंदा. मला बघून तो गल्ल्यावरून उठला आणि भर दुकानात ओरडला, "आरं बाळ्या! किती वाळलास रं गड्या! पुण्यात खायला घालत न्हाईत व्हय?"

भाचीसमोर माझा बाळासाहेबाचा बाळ्या झाला. मुक्ता गालात हसली.

लतीफने दुकान दाखवलं. किवी न्यूझीलंडची, सफरचंदं इराणची, संत्री कुठली ते त्यालाही ठाऊक नव्हतं, खोक्यावर उंटाचं चित्र होतं. मी विचारलं, "आणि आपलं काय?"

"आपलं तिकडं. त्येंचं हिकडं. मधल्यामधी बोटीवाल्याची चंगळ हाय बग." त्याने एक किवी माझ्या हातावर ठेवली. "माझा आजा आसता तर म्हनला आसता, लतीफ, ह्या बटाट्याला केस कशापायी आल्यात?"

पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मी फळं घ्यायला लागलो. द्राक्षवाल्याकडे द्राक्षं नेणार कशी? शेवटी डझनभर किवी घेतल्या. लतीफच्या घरी रात्री अख्खा मसूर आणि रोट्या झाल्या. भाभींनी बरोबर म्हणून पाव किलो भाजके दाणे पुडीत बांधून दिले. मी नको म्हणालो नाही.

जेवताना लतीफ म्हणाला, "बाळ्या, मी लय सोयरिकी जुळवल्यात. हिंदूंच्या, आमच्या, समद्यांच्या. पोरगा खरा हाय. पर उद्या जपून. पयल्यांदाच स्वताच्या नावानं कंटेनर लावतोय. आतापतूर व्यापाऱ्याला द्यायचा. वरीसभराची मेहनत त्या एका पेटीत हाय."

"आम्ही फक्त बघायला चाललोय," मी म्हणालो. खोट काढायला चाललोय हे काही त्याला सांगितलं नाही.

कुंडलच्या अलीकडे

सकाळी निघालो. लतीफ मागे बसलेला. वाटेत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यावर छातीत धडधडेल एवढ्या आवाजात गाणी. मग हळूहळू उसाचा हिरवा संपून द्राक्षांचे मांडव सुरू झाले. खाली वाकून बघितलं की घडांना कागद गुंडाळलेले. ऊन लागून रंग बिघडू नये म्हणून. आमच्या लहानपणी पोरांना टोपी मिळायची नाही, इथे घडाघडाला अंगरखे.

बागेच्या तोंडाशी घर. दारात मुलाचे वडील उभे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा सरळ, पाठ त्याहून सरळ. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग आम्हाला राम राम केला. "सात मिनिटं लेट. हरकत न्हाई. उसाच्या गाड्या लागल्या असत्याल."

मागून मुलाची आई आली, डोईवरचा पदर सारखा करत. मुक्ताला आपादमस्तक बघून म्हणाली, "पोरगी सवता आली व्हय बगायला? लय झ्याक केलंस बाई. आमच्या टायमाला मला बैल बगाय सुदीक न्हेलं नव्हतं."

मुलगा अमर घरात नव्हता. "खरेदीदार कंपनीच्या तपासनीस मॅडम उद्या येनार हुत्या, त्या आजच आल्या," सुभेदार म्हणाले. "त्यांनी हो म्हनलं तर सांजच्याला कंटेनर निघंल. न्हाई म्हनलं तर..." त्यांनी पुढचं बोलायचं टाळलं आणि आवाज खाली आणला. "त्यात मॅडम नाशिकच्या!"

सांगलीच्या द्राक्षाला प्रतिस्पर्धी नाशिकचा तपासनीस म्हणजे काय, हे द्राक्षवाल्यालाच कळावं. सुभेदारांच्या चेहऱ्यावर सरहद्दीवरचे भाव होते.

चहाबरोबर बशीत द्राक्षं आली. मी एक तोंडात टाकलं. आंबट! मी शालनसाठी मनातल्या मनात पहिली खोट लिहून घेतली. तेवढ्यात आई म्हणाली, "आंबट हायती व्हय? पलूसच्या बाजारातनं आनली काल."

"विकत?" मी उडालोच. चारी बाजूंना द्राक्षं लोंबतायत आणि पाहुण्याला विकतची!

"बागेतल्या घडाघडाची नोंद हाय," सुभेदार म्हणाले. "आता एक मनीबी हलवायचा न्हाई. आन् निवडून टाकलेले मनी पाहुण्याम्होरं ठिवनं शोभंल का?"

मी किवीचं खोकं पुढे केलं. आईने एक उचलून फिरवून बघितली आणि हळूच विचारलं, "हे सोलायचं का निस्तं चेपायचं?"

मग जेवण. ज्वारीची भाकरी, दही, ठेचा आणि भरली वांगी. मी वांग्याचा घास घेतला आणि थबकलो. कूट नव्हता! वाचकहो, तुम्ही सातारा-सांगलीकडचे नसाल तर तुम्हाला यातलं गांभीर्य कळणार नाही. आमच्याकडे वांग्यात दाण्याचा कूट नसणं म्हणजे लग्नात नवरदेव नसणं. ठेच्यातही दाणा नव्हता. कोशिंबिरीत नव्हता. ताटाच्या डाव्या बाजूची चटणी चाखली तर जवसाची!

माझ्या निरीक्षकाच्या डोक्यात दिवा पेटला. नाव मोठं, लक्षण खोटं. युरोपला माल धाडतात आणि घरात मूठभर दाण्याला महाग! नाहीतर एक नंबरचे चिकट. ज्या घरात वांग्याला कूट पुरत नाही तिथे मुलगी द्यायची? शालनला सांगायला याहून भक्कम खोट सापडली नसती. मी खुशीत दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कुटाविना समाधान मात्र अर्धंच झालं.

जेवणानंतर सगळे पॅकहाऊसकडे निघालो. बागेतून तोडलेली द्राक्षं इथे निवडून, वजन करून, डब्यांत भरून खोक्यात घालतात. पत्र्याची मोठी शेड, दाराला जाळी, हात धुवायला नळांची रांग. गेटवर सुभेदार स्वतः वही घेऊन बसले. नाव, गाव, भेटीचं कारण, आत आल्याची वेळ, सही. वर बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं. जन्मभर लोकांकडून असल्या कागदांवर सह्या घेतल्या, पण त्या कागदांवरचं कुणी वाचतं असा माझा अनुभव नाही. मीही वाचलं नाही. 'कारण' या रकान्यात 'पाहणी' लिहिलं आणि ठोकली सही. सुभेदारांनी शेजारी वेळ टाकली: एक वाजून दहा मिनिटं.

प्रत्येकाला डोक्यावर घालायची जाळीची टोपी आणि तोंडाला लावायचा मास्क दिला. लतीफच्या डोक्यावर ती रुमाली रोटीसारखी बसली. आत पांढऱ्याशुभ्र टेबलांच्या रांगा आणि प्रत्येक टेबलावर दोघी-दोघी बायका छोट्या कात्र्यांनी घडातले लहान मणी कापतायत. हातभर फौजी हिरव्या कापडाच्या बाह्या. सुभेदारांनी खास शिवून घेतलेल्या. मॅडमच्या कंपनीने सांगितलं, काचेच्या बांगड्या चालणार नाहीत, फुटून द्राक्षात जातील. बायका म्हणाल्या, भरल्या कपाळाने बांगड्या उतरवणार नाही. मग बाह्या आल्या, बांगड्या आत झाकल्या आणि दोन्हीकडचा धर्म राहिला. टिकल्यांनाही बंदी, गळून पडतात म्हणून. कपाळावर हिरवं गोंदण असलेली एक म्हातारी, तिला सगळे तानूआक्का म्हणत होते, मला म्हणाली, "माझं गोंदलेलं हाय पावनं. ह्ये काडून दाखवा म्हनावं इंग्लंडला."

अमर पुढे आला. टोपी, तोंडाला मास्क. नवऱ्या मुलाचे दिसले ते फक्त डोळे. मुक्ताही तशीच. एवढं झाकलेलं स्थळ मी आजवर पाहिलं नव्हतं. मग अमर म्हणाला, "तुम्ही टोपी बरोबर घातलीत. पहिल्यांदा येणाऱ्या सगळ्यांचे कान बाहेर राहतात."

"रोजची सवय आहे," मुक्ता म्हणाली.

आणि दोघं खोक्यांवरच्या शिक्क्यांबद्दल बोलायला लागले. कुठल्या बागेतला घड, कुठल्या टेबलावर, किती वाजता भरला, सगळं कसं सापडतं. अहो, फुलं, चंद्र, काही तरी बोला! पण मुक्ताचा आवाज मी ओळखतो. सहा स्थळांच्या वेळी तो असा कधी लागला नव्हता. मला जरा काळजी वाटली.

काळजी वाटली की माझा हात कुठे जातो ते तुम्हाला सांगितलंच आहे. कुटाविना जेवल्यामुळे जीभही दाण्यासाठी आसुसलेली होती. मी तानूआक्काच्या टेबलामागे उभा राहिलो, मास्क हनुवटीवर ओढला, चार दाणे तळहातावर घेतले, चोळले आणि हलकी फुंकर मारली.

दाणे फार छान होते. दोन फेऱ्या झाल्या.

तिसरी घेणार तोच मॅडमचा आवाज आला. "हे काय आहे?"

नाशिकच्या मॅडम तिशीच्या, बारीक, शांत. त्यांनी चिमट्याने एका उघड्या डब्यातून काहीतरी उचललं होतं. पांढऱ्या कागदावर ठेवलं. लाल, पातळ, नखाएवढं फोलपट.

शेडमधल्या सगळ्या कात्र्या एकदम थांबल्या.

"शेंगदाणा," मॅडम म्हणाल्या. "काम थांबवा."

मला काही कळेना. लतीफच्या कानाशी लागून म्हणालो, "अरे, एका फोलपटाने काय आभाळ कोसळतं?" उत्तर दिलं ते अमरच्या आईने. तीही शेजारच्याच टेबलाशी बाह्या घालून उभी होती.

"तिकडं कुनाकुनाच्या पोरांस्नी दाना सोसत न्हाई म्हनं, भाऊ. नुस्ता लागला तरी घसा सुजतो, जीव घाबरा हुतो. त्या पोराची आय इस्वासानं द्राक्षाचा डबा घरी न्हेनार, आन् त्यात आमचा दाना? पोर कुनाचं का आसंना. म्हनून हंगामभर आमी घरात दानाच आनत न्हाई. कूटबी न्हाई आन् चटणीबी न्हाई. ह्या समद्याजनी जवसाची चटणी खात्यात."

ही माणसं चिकट नव्हती, गरीबही नव्हती. कधी न बघितलेल्या, नावसुद्धा माहीत नसलेल्या एका पोरासाठी या बायांनी आपल्या ताटातला कूट सोडला होता. आणि मी त्याचीच खोट लिहून घेतली होती. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

सुभेदार दारातून आत आले. "कुनाचं टेबल?"

टेबल तानूआक्काचं होतं. आणि सुभेदारांचा नियम सगळ्यांना पाठ होता: ज्या बाईच्या टेबलावर दाणा, ती बाई हंगामभर घरी. म्हातारीने कात्री टेबलावर ठेवली. "द्येवाशपथ सुभेदार, म्या दान्याला शिवल्याली न्हाई. महिना झाला."

मी तोंड उघडलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला नुसतं खवखवत होतं, शब्द फुटत नव्हता. निवृत्त निरीक्षक, मुलीचा मामा, पाहुणा. एवढ्या पदव्या एकदम गळ्यात अडकल्या होत्या.

तेवढ्यात अमर म्हणाला, "मॅडम, आक्काचा काही संबंध नाही. माझ्याकडून झालं. माझं नाव लिहा."

त्याने मला फुंकर मारताना बघितलं होतं. बोलताना त्याची नजर चुकूनही माझ्याकडे वळली नाही, त्यावरूनच मला ते कळलं. पाहुण्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, म्हणून हा पोरगा वर्षाची मेहनत पणाला लावत होता.

"मालकच नियम मोडत असेल तर मग मला सगळाच माल नाकारावा लागेल," मॅडम म्हणाल्या.

मुक्ताने फक्त माझ्या उजव्या खिशाकडे बघितलं.

"थांबा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "मुलगा खोटं बोलतोय. ते फोलपट माझं आहे." आणि सगळ्या शेडसमोर मी खिसा उलटा केला. भाभींची पुडी, सुटे दाणे, आणि त्या दाण्यांबरोबर बसचं एक तिकीट. एक दाणा टेबलाच्या दिशेने टणटणत निघाला तो तानूआक्काने पायाखाली दाबला.

"आरं बाळ्या!" लतीफने कपाळावर हात मारला. पुडी आपल्याच घरची आहे, हे त्याने ओळखलं होतं.

आता मुक्ता पुढे झाली. कारखान्यात बोलत असेल तशीच बोलली, शांत, भराभर. "मॅडम, कारण सापडलंय. मामा आत आल्याची वेळ गेटच्या वहीत आहे, सहीसकट. खोक्यांवर भरल्याची वेळ आहे. एक-दहानंतर भरलेली सगळी खोकी बाजूला काढू. टेबलं धुऊ, बायका टोप्या-बाह्या बदलतील, तुम्ही परत तपासा. एक-दहाच्या आधीच्या मालाला धक्का लागायचं कारण नाही."

मॅडमनी वही मागवली. माझ्या सहीवरचा बारीक मजकूर मोठ्याने वाचला: "माझ्याजवळ शेंगदाणे किंवा शेंगदाण्याचे पदार्थ नाहीत." खाली माझी झोकदार सही. कुणीतरी बाई फिसकन हसली आणि मग सगळी शेड हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार!

"कारण काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

"पाहुणा," मी म्हणालो. "पूर्ण नाव लिहा. निवृत्त निरीक्षक, वजनमापे." त्यांनी एकदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.

अठरा खोकी बाजूला निघाली. टेबलं धुतली गेली. लतीफने आणि मी बाहेर उन्हात बसून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे, शेडच्या दाराकडे डोळे लावले. उन्हं कलताना मॅडम बाहेर आल्या. "माल चांगला आहे," त्या सुभेदारांना म्हणाल्या. "नाशिकची असून सांगते."

सुभेदारांनी त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. कंटेनरच्या दाराला अमरच्या आईने कुंकू लावलं. "बाहेरून चालेल," मॅडम म्हणाल्या. नारळ फुटला आणि कंटेनर उसाच्या ट्रॉल्यांतून वाट काढत बंदराकडे गेला. अमर तो दिसेनासा होईपर्यंत रस्त्यावर उभा होता. मास्क आता काढलेला. पोरगा रडत होता आणि ते लपवत नव्हता.

निघताना सुभेदारांनी दोन गोष्टी केल्या. माझे दाणे पिशवीत घालून, सील करून, वर नाव आणि वेळ टाकून परत दिले. आणि ती अठरा खोकी गाडीत भरायला लावली. "ही आता परदेशी चालत न्हाईत. तुमचीच हायती." सोयरिकीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. आम्हीही नाही. कुठल्या तोंडाने काढणार?

मुक्ता गेटवर वहीत बाहेर गेल्याची सही करायला मागे थांबली होती. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "मुक्ता, चुकलं माझं."

"मामा, आत्ता काही बोलू नका," ती म्हणाली, आणि कराडपर्यंत समोर बघत राहिली. मी नकार द्यायला गेलो होतो. आता त्यांचा नकार येणार, तोही माझ्यामुळे. पोरीला पहिल्यांदा काही आवडलं होतं आणि मी त्यावर फुंकर मारली होती.

परत पुण्यात

शालनने दारातच विचारलं, "काढलीस का खोट?"

"काढली," मी म्हणालो. "माझ्यातच निघाली." आणि सगळं सांगितलं. कूट नसलेलं वांगं, तानूआक्का, अमर. शालनने एक खोकं उघडून द्राक्ष खाल्लं, आणखी एक खाल्लं, आणि म्हणाली, "फोन नाही ना आला त्यांचा?"

नव्हता आला.

दुसऱ्या दिवशी एक डबा देशमुखांकडे नेला. वरची परदेशी अक्षरं बघून ते हरखलेच. "हीच! हीच हो ती! अगदी हीच द्राक्षं खाल्ली तिथे!"

"ही कुंडलची आहेत."

"छे हो! लेबल बघा ना. कुणी आणली तिकडून? विमानात चालतात का फळं?"

मी दोनदा समजावलं. मग सोडून दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी लतीफचा फोन. "बाळ्या, फोटू धाडलाय. बग." आणि ठेवून दिला.

फोटो गेटच्या वहीचा होता. शेवटच्या रकान्यात 'शेरा' लिहिलेलं. त्या दिवशी मी काही तिकडे लक्ष दिलं नव्हतं. मुक्ताच्या नावापुढे तिच्या अक्षरात होतं: "पसंत. टोपीसकट."

आणि त्याच्या वरच्या ओळीत, माझ्या नावापुढे, सुभेदारांनी लाल शाईने लिहिलं होतं: "पुढच्या खेपेस मुलीकडील मंडळी बैठकीला येतील तेव्हा या इसमाचे खिसे तपासूनच आत सोडणे."

मी ती ओळ बोटाने मोठी करून चारदा वाचली. पुढच्या खेपेस! चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर असला शेरा कधी कुणी मारला नव्हता, आणि कुठल्याही शेऱ्याने मी एवढा आनंदलो नव्हतो. तसाच शालनला फोन लावला आणि वाचून दाखवला.

पलीकडे ती हसली की रडली, नीट कळलं नाही. मग नाक ओढून म्हणाली, "दादा, बैठकीला जाताना या वेळी बिनखिशाचा सदरा घाल."